सुट्या भागांची साक्ष : घरगुती संगणकांच्या जलशीतनाचा इतिहास (सु. १९९८ ते २००९)

१. विषय आणि मर्यादा

संगणकाचा इतिहास आजवर बहुधा दोन पद्धतींनी लिहिला गेला आहे. एका पद्धतीत मोठ्या कंपन्या, त्यांच्या प्रयोगशाळा आणि त्यांनी बाजारात आणलेली यंत्रे ह्यांचा क्रमवार वृत्तान्त येतो. दुसऱ्या पद्धतीत गणिती व तार्किक कल्पनांचा विकास मांडला जातो. ह्या दोन्ही पद्धतींत एक वर्ग सहसा दृष्टीआड राहतो. हा वर्ग म्हणजे घरी बसून, स्वतःच्या हाताने, संगणकाचा एखादा भाग घडविणाऱ्या हौशी कारागिरांचा. त्यांनी प्रबंध लिहिले नाहीत आणि क्वचितच एकस्वे घेतली. त्यांच्या कामाची नोंद मुख्यतः त्यांनी केलेल्या वस्तूंतच राहिली आहे.

प्रस्तुत लेखात ह्या वर्गाच्या एका विशिष्ट उद्योगाचा विचार करावयाचा आहे. सुमारे १९९८ पासून पुढील दहा-अकरा वर्षांत अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतील अनेक हौशी मंडळींनी आपल्या घरगुती संगणकाच्या प्रोसेसरवरील उष्णता पाण्याच्या साहाय्याने वाहून नेण्याची सामग्री स्वतः बनविली. ह्या सामग्रीचे मुख्य घटक चार. प्रोसेसरवर घट्ट बसणारा, आतून पोकळ असा धातूचा ठोकळा, ज्यास वॉटर ब्लॉक म्हणतात. पाणी खेळविणारा पंप. ते थंड करणारा रेडिएटर. आणि ह्या सर्वांस जोडणाऱ्या नळ्या. ह्या चारही घटकांची कुळकथा तपासली असता एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. प्रयोगशाळेतील शास्त्र खाली झिरपत घरापर्यंत आले, की घरगुती कारागिरीने आपला मार्ग स्वतंत्रपणे शोधला? शास्त्र आणि कारागिरी ह्यांच्या संबंधाविषयी आपण एरवी जी ठाम विधाने करतो, त्यांची कसोटी पाहण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण ते आपल्या काळातले आहे आणि त्यातील वस्तू अद्याप काही प्रमाणात शिल्लक आहेत.

२. संस्थात्मक पूर्वपीठिका

मोठ्या संगणकांत पाण्याचा उपयोग ही नवी गोष्ट नव्हती. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिअ‍ॅक ह्या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. तेथील उष्णता पंख्यांनी हवा खेळवून काढली जाई. ट्रान्झिस्टर व पुढे एकात्मिक मंडले आल्यावर एकेका घटकाची उष्णता घटली. परंतु ते इतक्या दाटीने बसविले जाऊ लागले की केवळ हवेवर विसंबणे कठीण झाले. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० मालिकेतील ९१ क्रमांकाच्या यंत्रात, १९६० च्या दशकात, मंडलफलकांच्या मध्ये पाण्याने थंड केलेले उष्णता-विनिमयक बसविण्यात आले. हवा फलकांवरून वाहे आणि वाटेत पाण्याच्या ह्या विनिमयकांना आपली उष्णता देई. म्हणजे पाणी घटकांपर्यंत न पोहोचता हवेला थंड करी.

ह्यापुढील पाऊल १९८० मध्ये घोषित झालेल्या आयबीएम ३०८१ ह्या यंत्रात पडले. त्यातील सुमारे ९० मिलिमीटर चौरस अशा एका बहुस्तरीय सिरॅमिक फलकावर शंभरावर चिपा बसविता येत. प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक लहान दट्ट्या टेकलेला असे. सभोवती हेलियम वायू भरलेला असे. आणि वरून पाण्याने थंड होणारा पत्रा बसविलेला असे. अशा एका संचातून सुमारे ३०० वॅटपर्यंत उष्णता काढता येई. ह्याच सुमारास सीमूर क्रे ह्यांच्या यंत्रांनी निराळी वाट धरली होती. १९७६ च्या क्रे-१ मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्यांत बसविलेल्या पोलादी नळ्यांतून फ्रिऑन वाहत असे, तर १९८५ च्या क्रे-२ मध्ये सर्व मंडले फ्लोरिनर्ट नावाच्या विद्युत्‌रोधक द्रवात बुडविलेली असत.

शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची घटना १९८१ मधली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीझ ह्यांनी सिलिकॉनच्याच पाठीवर सुमारे ५० मायक्रोमीटर रुंदीचे अतिसूक्ष्म चर कोरून त्यांतून पाणी नेले आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट इतकी उष्णता काढून दाखविली. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. पाण्याचा प्रवाह धातूच्या पृष्ठालगत एक संथ थर निर्माण करतो, त्यास सीमास्तर म्हणतात. उष्णतेस खरा अडथळा होतो तो ह्या थराचा. चर जितका अरुंद, तितके त्यातील पाणी भिंतीच्या निकट, आणि तितका हा अडथळा कमी. हे तत्त्व पुढील विवेचनात वारंवार येणार असल्याने ते येथे नोंदविणे अवश्य आहे.

१९९० च्या दशकात मोठ्या यंत्रांनी मात्र पाण्याकडे पाठ फिरविली. जुन्या, उष्ण अशा बायपोलर मंडलांची जागा सीमॉस प्रकारच्या मंडलांनी घेतली. ही मंडले इतकी थंड होती की आयबीएमची मोठी यंत्रे पुन्हा हवेवर चालू लागली. हा कालक्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण संस्थांनी पाणी सोडले त्यानंतर लौकरच ते घरांत शिरले.

३. उष्णता घरात कशी आली

१९९३ मध्ये आलेला ६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम सुमारे १६ वॅट उष्णता देई. एक लहानसा पातीदार ठोकळा आणि त्यावरील पंखा त्यास पुरेसा होई. पाण्याची वाट उघडली ती ह्या उष्णतेमुळे नव्हे, तर किमतीच्या एका विसंगतीमुळे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर विक्रीस आणला. त्याची नेमून दिलेली गती ३०० मेगाहर्ट्‌झ. ती मदरबोर्डवरील ६६ मेगाहर्ट्‌झच्या मूळ स्पंदनास साडेचारने गुणून येत असे. मूळ स्पंदन १०० केले की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झने धावे, आणि बहुतेक नग ते सहन करीत. त्याच महिन्यात बाजारात आलेला ४५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम २ ह्याहून कित्येक पट महाग होता. नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर चालविण्याच्या ह्या प्रकारास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ह्या छंदाचे मूळ काटकसरीत आहे, हे विसरता कामा नये.

परंतु ह्या काटकसरीला भौतिकशास्त्र आपले मूल्य लावीत असते. प्रोसेसरची उष्णता गतीच्या प्रमाणात वाढते आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अधिक गतीसाठी थोडा अधिक दाब द्यावा लागतो, म्हणजे उष्णता दोन्ही बाजूंनी चढते. त्यातच २००१ च्या उन्हाळ्यात एएमडी कंपनीचा १.४ गिगाहर्ट्‌झचा अ‍ॅथलॉन आला. सुमारे १२० चौरस मिलिमीटरच्या उघड्या सिलिकॉनमधून तो ७२ वॅटपर्यंत उष्णता सोडी. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ६० वॅट! तुलनेसाठी, १,००० वॅटच्या कपड्यांच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तेथील उष्णता-घनता अवघी ५ वॅट भरते. आयबीएम ३०८१ च्या वर सांगितलेल्या संचाची सरासरी चारच्या आतच येते. अर्थात् ती सरासरी संपूर्ण फलकावरची आहे, एकेका चिपेवरची घनता तिच्याहून बरीच अधिक होती. म्हणून ह्या तुलनेवर अधिक भार देणे योग्य नव्हे. तथापि एवढे म्हणावयास हरकत नाही की, वीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नासाठी एका बलाढ्य कंपनीने हेलियम व दट्ट्ये योजले, त्याच जातीचा प्रश्न आता एखाद्या विद्यार्थ्याच्या मेजाखाली येऊन बसला होता.

४. भागांची साक्ष

ह्या विद्यार्थ्यापुढे कोणती सामग्री होती? येथे कागदपत्रांपेक्षा वस्तूच अधिक बोलक्या आहेत.

प्रथम रेडिएटर घेऊ. संगणकासाठी बनविलेले रेडिएटर आरंभी सहज मिळत नसत. थंड प्रदेशांतील मोटारींत आतील हवा उबदार ठेवण्यासाठी एक लहान रेडिएटर असतो. त्यातून इंजिनचे गरम पाणी जाते व पंख्याची हवा त्यावरून आत येते. सुट्या भागांच्या दुकानात तो स्वस्त मिळे. अमेरिकेतील हौशी मंडळींत १९७७ सालच्या पॉन्टिअ‍ॅक बॉनव्हिल गाडीचा आणि शेव्हरोले शेव्हेट गाडीचा असा हा भाग विशेष प्रसिद्ध होता. पहिल्यावर १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसत, दुसऱ्यावर एक. मोटार केव्हाच मोडीत निघाली, पण तिचा हा भाग तिसऱ्याच कारणासाठी अमर झाला. त्याच्या नळ्यांची तोंडे मोटारीच्या रबरी नळीसाठी बेतलेली असल्याने अमेरिकी पद्धतीत जाड नळीचा, म्हणजे अर्ध्या इंचाच्या अंतर्व्यासाचा, प्रघात पडला.

दुसरा भाग पंपाचा. तो मत्स्यालयातून आला. जर्मनीतील आयहाइम कंपनीचे १०४६ व १०४८ क्रमांकाचे पंप ह्या कामी फार वापरले गेले. मत्स्यालय दिवाणखान्यात असते आणि त्यातील पंप अहोरात्र चालावा लागतो. म्हणून तो निःशब्द व टिकाऊ केलेला असतो. हे दोन्ही गुण संगणकास आयते लाभले. दोषही आयताच आला. हा पंप घरातील मुख्य विजेवर चाले, संगणकाच्या १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर नव्हे. संगणक चालू केला आणि पंप सुरू करण्याचे राहिले, तर त्या काळच्या अ‍ॅथलॉनला वाचविणारी कोणतीही आपोआप चालणारी सोय नव्हती. म्हणून दोन्ही एकदम सुरू करणारा रिले बसविणे हा त्या कारागिरीचा एक नित्याचा अध्याय झाला. लेइंग कंपनीचे १२ व्होल्टवर चालणारे डी५ व डीडीसी हे पंप रूढ झाल्यावर तो अध्याय मिटला.

तिसरा भाग जोडणीचा. आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तोच सर्वांत मनोरंजक आहे. आज संगणकाच्या जलशीतनात जी१/४ ह्या नावाचा समांतर आटा सर्वमान्य आहे. त्याचे नाव पाव इंचाचे, पण त्याचा बाह्य व्यास मोजला तर १३.१६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहूनही थोडा अधिक भरतो! ह्या विसंगतीचे कारण असे की, पाव इंच हे माप आट्याचे नसून मुळात तो ज्या लोखंडी नळावर पाडला जाई, त्या नळाच्या पोकळीचे आहे. आट्याचा कोन ५५ अंशांचा आहे, तो जोसेफ व्हिटवर्थ ह्यांनी १८४१ मध्ये सुचविलेल्या पद्धतीतला. आपल्याकडील नळकामात जे पाव इंची, अर्धा इंची आटे आजही चालतात, ते ह्याच कुळातले. एकविसाव्या शतकातील संगणकाच्या पोटात व्हिक्टोरियन इंग्लंडमधील नळकाम असे निमूटपणे वावरत आहे.

अमेरिकेत आरंभी निराळा, निमुळता नळ-आटा वापरला जाई. निमुळता आटा पाचरीप्रमाणे दाबत जातो आणि त्या दाबानेच गळती थांबते. तांब्यात हे चालते. परंतु ठोकळ्याचे झाकण अ‍ॅक्रिलिकचे असले, म्हणजे तीच पाचर झाकणाला तडा देते. समांतर आट्याची गळती थांबते ती तोंडाशी बसविलेल्या रबरी ओ-रिंगमुळे. झाकणावर पाचरीचा ताण येत नाही. पारदर्शक झाकणाची आवड वाढत गेली, तसतसा समांतर आट्याचा हा यांत्रिक गुण अधिकाधिक उपयोगी ठरला.

चौथा भाग म्हणजे वॉटर ब्लॉक. हा मात्र दुसऱ्या कोणत्याही धंद्यातून उचलता येण्याजोगा नव्हता. तो घडवावाच लागे. सुमारे ५० मिलिमीटर चौरस तांब्याचा एक जाड तुकडा घ्यावयाचा. ज्याच्याजवळ केवळ ड्रिल असे, तो त्या तुकड्यात एकमेकांस छेदणारी आडवी-उभी भोके पाडी आणि नको असलेली तोंडे पितळी स्क्रूने अथवा डाख देऊन बुजवी. ज्याला मिलिंग यंत्र उपलब्ध असे, तो वरून नागमोडी चर कोरून त्यावर झाकण बसवी. तांबे हा धातू मऊ असूनही कापावयास अवघड आहे; त्याचा कीस तुटत नाही, चिकटतो, आणि भोक आरपार जाण्याच्या क्षणी ड्रिल अडकून तुकडा गरकन फिरतो. तेल आणि सबुरी ह्यांवाचून ते काम होत नाही. मग तळ सपाट करावयाचा. काचेच्या तावदानावर पॉलिश पेपर पसरून, क्रमाने अधिकाधिक बारीक कागदावर तो घासावयाचा. कारण प्रोसेसर व तांबे ह्यांच्यामधील हवेची सूक्ष्म फटसुद्धा सगळ्या श्रमावर पाणी फिरवू शकते. शेवटी संपूर्ण जोडणी संगणकाबाहेर, खाली कागद पसरून, एक अहोरात्र चालवून गळती तपासावयाची.

ह्या चारही भागांत आयबीएमच्या हेलियमची, दट्ट्यांची अथवा क्रे-यंत्रांतील द्रवाची एकही खूण सापडत नाही. खुणा आहेत त्या मोटारदुरुस्तीच्या, मत्स्यालयाच्या आणि नळकामाच्या. वस्तू उसनी घेतलेली नाही, एवढ्यावरून कल्पनाही उसनी घेतली नाही असे सिद्ध होत नाही, हे खरे. मोठी यंत्रे पाण्यावर चालत हे अनेकांस ठाऊक होते. परंतु कल्पना मूर्त स्वरूपात आली ती प्रयोगशाळेच्या वाटेने नव्हे, बाजारपेठेच्या वाटेने, इतके ह्या साक्षीवरून निश्चित म्हणता येते.

५. दोन परंपरा

एकच भौतिकशास्त्र, पण दोन देशांत दोन निराळ्या परंपरा निर्माण झाल्या. अमेरिकी परंपरेत जाड नळ्या, मोटारीचा रेडिएटर, जोरदार पंप आणि विपुल प्रवाह ह्यांना महत्त्व होते. उद्दिष्ट होते गती. जर्मन परंपरेत ८ किंवा १० मिलिमीटर बाह्यव्यासाच्या बारीक नळ्या, आयहाइमचा शांत पंप आणि मंद गतीने फिरणारे पंखे असत. उद्दिष्ट होते नीरवता. जर्मन जोडण्यांत नळी नुसती दाबून बसविण्याचे जे सांधे दिसतात, ते दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या कारखानी यंत्रांतून आलेले आहेत. तेथील पुरवठ्याची बाजारपेठ निराळी, म्हणून साधने निराळी.

ह्यांपैकी कोणती परंपरा शास्त्रशुद्ध होती? साधे गणित करून पाहावे. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे ४,१८० ज्यूल उष्णता लागते. १०० वॅटचा प्रोसेसर आणि दर मिनिटाला एक लिटर प्रवाह धरला, तर ठोकळ्यात शिरताना व बाहेर पडताना पाण्याच्या तापमानात पडणारा फरक केवळ १.४ अंश असतो. प्रवाह सहापट केला तर तो पाव अंशाच्या खाली जातो. म्हणजे पाण्याची वहनक्षमता ही कधीच खरी अडचण नव्हती. एका अंशाच्या लाभासाठी पंपाचा जोर वाढविणे व्यर्थ, हे जर्मनांचे म्हणणे ह्या हिशेबाने बरोबर ठरते. परंतु हा हिशेब अपुरा आहे. विपुल प्रवाहाचा खरा उपयोग पाणी कमी तापावे हा नसून ठोकळ्याच्या आत सीमास्तर मोडावा हा असतो; आणि तेथे अमेरिकी आग्रहालाही आधार होता. दोन्ही पक्षांना आपापल्या अनुभवाने अर्धे सत्य गवसले होते.

६. चक्रव्यूहाकडून झोताकडे

आरंभीच्या ठोकळ्यांत पाणी लांबलचक नागमोडी वाटेने फिरविले जाई. ह्या रचनेमागील समजूत अशी की, पाणी आत जितका अधिक वेळ राहील, तितकी अधिक उष्णता ते घेईल. ही समजूत सहजसुलभ आहे आणि चुकीची आहे. थांबलेले पाणी तापते आणि तापलेले पाणी कमी उष्णता घेते. शिवाय प्रोसेसरचा उष्ण भाग जेमतेम एक-सव्वा चौरस सेंटिमीटरचा असताना चरांचा मोठा भाग जेथे उष्णताच पोहोचत नाही अशा तांब्यातून फिरत असे.

ही चूक कशी उमगली, ह्यात ह्या इतिहासाचे मर्म आहे. ती उमगली ती मोजमापाने. मदरबोर्डवरील तापमानमापक कित्येक अंशांनी चुकत. एकाचे ४५ अंश आणि दुसऱ्याचे ४५ अंश ह्यांचा परस्परांशी काही संबंध नसे. तेव्हा काही दक्ष हौशींनी प्रोसेसर बाजूला ठेवून तांब्याच्या दांड्यात विजेची तापक नळी बसविली, दांड्याचे टोक प्रोसेसरच्या आकाराचे केले, आणि किती वॅट दिले व किती अंश चढले ह्यांचा हिशेब मांडावयास आरंभ केला. खोलीचे तापमान, पाण्याचे तापमान, प्रवाहाचे प्रमाण, दाबातील घट ही प्रत्येक वेळी नोंदविली जाऊ लागली. निष्कर्ष दर वॅटला इतके अंश, अशा एककात येऊ लागला. हे एकक उष्णता-अभियांत्रिकीत औष्णिक रोध मोजण्याचे प्रस्थापित एककच होय. ज्या दिवशी एका गावच्या कारागिराचा आकडा दुसऱ्या देशातील कारागिराच्या आकड्याशेजारी ठेवता येऊ लागला, त्या दिवशी ह्या छंदाचे ज्ञानशाखेत रूपांतर झाले, असे मला वाटते.

ह्याचे फळ लौकरच दिसले. २००३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील एका हौशी रचनाकाराने ‘व्हाइट वॉटर’ नावाचा ठोकळा सिद्ध केला. त्यात नागमोडी वाट नव्हती. अरुंद, समांतर चरांच्या ऐन मध्यावर, म्हणजे नेमके प्रोसेसरच्या डोक्यावर, एका फटीतून पाणी पडे आणि दोन्ही बाजूंस वाहून जाई. त्याच्याच पुढील ‘कॅस्केड’ ह्या रचनेत तळावर लहान लहान खळगे होते आणि प्रत्येक खळग्यात एक बारीक झोत येऊन आदळे. झोताच्या आघातस्थानी सीमास्तर अतिशय पातळ होतो, हे तत्त्व टर्बाइनच्या पात्यांच्या शीतनामुळे अभियांत्रिकीस पूर्वीच परिचित होते. ह्याच मालिकेतील ‘स्टॉर्म’ ही रचना पुढे स्विफ्टेक ह्या अमेरिकी कंपनीने उत्पादनासाठी घेतली. त्यानंतरच्या वर्षांत बाजारात रूढ झालेल्या ठोकळ्यांत मध्यभागी प्रवेश करणारे पाणी आणि मिलिमीटरहूनही अरुंद असे अतिशय दाट चर हा आकार जवळजवळ सार्वत्रिक झाला.

येथे वर्तुळ पूर्ण होते. अरुंद चर आणि भिंतीलगतचे पाणी हे टकरमन व पीझ ह्यांनी १९८१ मध्येच सांगितले होते. मग घरगुती कारागिरांनी वीस वर्षांनी केले ते काय? केवळ पुनरुक्ती? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८१ च्या प्रयोगात चर सिलिकॉनमध्ये रसायनाने कोरलेले होते आणि त्यांतून पाणी ढकलण्यास मोठा दाब लागे. मत्स्यालयाच्या पंपाच्या मर्यादित जोरावर, घरगुती यंत्राने तांब्यात कोरता येतील अशा चरांची कोणती रुंदी योग्य, तळ किती जाड ठेवावा, पाणी कोठून सोडावे, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या निबंधात असणे शक्यच नव्हते. तत्त्व आणि कृती ह्यांमधील हे अंतर कोणी तरी तोडावयाचे होते. ते तोडण्याचे श्रम हौशी मंडळींनी आपल्या खर्चाने केले.

चुकांचे शिक्षणही असेच स्वतःच्या खर्चाने झाले. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ठोकळा एकाच पाण्यात जोडले, की ते पाणी विद्युत्‌घटाचे काम करते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. हे रसायनशास्त्राच्या प्रारंभिक पुस्तकात आहे. परंतु ते खरे पटले ते राखाडी गाळाने चर तुंबल्यावर. ऊर्ध्वपातित पाणी, गंजरोधक द्रव्य आणि एकाच जातीचे धातू हे नियम अशाच अनुभवांतून रूढ झाले.

७. कारण संपले, कृती उरली

२००४ हे ह्या इतिहासातील सांध्याचे वर्ष आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत इंटेलचा प्रेस्कॉट जातीचा पेंटियम ४ आला. त्याच्या वरच्या गतींची निर्धारित उष्णता १०० वॅटच्या पलीकडे गेली. मे महिन्यात त्याच वाटेवरील पुढचा प्रोसेसर, टेजस, कंपनीने रद्द केला. केवळ गती वाढवीत जाण्याचे धोरण मागे पडून एकाच चिपेवर अनेक गाभे बसविण्याचे धोरण आले. जून महिन्यात अ‍ॅपल कंपनीने २.५ गिगाहर्ट्‌झच्या पॉवर मॅक जी५ मध्ये कारखान्यातच द्रवशीतन बसवून दिले. म्हणजे हौशींची वस्तू आता तयार माल म्हणून घरात येऊ लागली. पुढे २००९ मध्ये कॉर्सेर कंपनीने एसेटेक ह्या डॅनिश कंपनीने बनविलेला एच५० हा बंदिस्त संच विक्रीस आणला. त्यात पंप व ठोकळा एकत्र होते, पाणी कारखान्यातच भरलेले होते, आणि तो बसविण्यास आटे, डाख अथवा कानस ह्यांपैकी कशाचीच गरज नव्हती.

काटकसरीचे मूळ कारण अशा रीतीने दोन्ही बाजूंनी क्षीण झाले. तरीही स्वतः भाग बनविण्याची कृती थांबली नाही. तिचा हेतू पालटला. मऊ नळ्यांच्या जागी उष्णतेने वाकविलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या ताठ नळ्या आल्या, रंगीत पाणी आले, संगणकाची पेटी काचेची झाली. कारागिरी उपयुक्ततेकडून सौंदर्याकडे वळली. इतिहासात हे नवे नाही. परंतु ह्यावरून एक पद्धतशास्त्रीय धडा निघतो. एखादी कृती ज्या कारणाने सुरू होते, त्याच कारणाने ती टिकून राहते असे गृहीत धरता येत नाही. उत्पत्तीचे कारण आणि स्थितीचे कारण ह्यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

संस्थांकडेही पाणी परतले. आयबीएमने २००८ च्या पॉवर ५७५ यंत्रात प्रोसेसरवर पाण्याचे तांबे-पत्रे बसविले. २०१० मध्ये झुरिक येथील तांत्रिक विद्यापीठात सुरू झालेल्या अ‍ॅक्वासार यंत्रात सुमारे ६० अंशांचे पाणी शीतनासाठी वापरून त्याची उष्णता इमारतीस देण्यात आली. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या परम ब्रह्म ह्या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरवरील पत्र्यापर्यंत नेण्याची पद्धत योजलेली आहे. ह्या यंत्रांनी हौशी मंडळींपासून काही घेतले असे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही, आणि तसे मी म्हणत नाही. दोन प्रवाह समांतर वाहिले, एवढेच म्हणावयाचे आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, घरगुती जलशीतनाची साधने प्रयोगशाळेतून उतरलेली नसून ती शेजारच्या धंद्यांतून गोळा झालेली आहेत; त्यांची वंशावळ आट्यांत, नळीच्या व्यासात व विजेच्या दाबात अद्याप वाचता येते. दुसरी, कारागिरीचे ज्ञानात रूपांतर झाले ते हस्तकौशल्याने नव्हे, तर परस्परांशी ताडून पाहता येणाऱ्या मोजमापाने. तिसरी, प्रयोगशाळा व घर ही एकाच तत्त्वापाशी पोहोचली, तरी त्यांनी दिलेली उत्तरे एक नव्हती. कारण त्यांनी विचारलेले प्रश्नच एक नव्हते.

आणखी एका गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. ह्या इतिहासाची मुख्य साधने तांब्याची आहेत आणि तांब्यास मोडीचा भाव येतो. आयबीएमचा संच वस्तुसंग्रहालयात जपला जातो, कारण त्यावर नाव कोरलेले असते. ड्रिलने भोके पाडलेला, एका बाजूस डाख ओघळलेला निनावी ठोकळा भंगाराच्या तराजूत जातो. नागमोडी चराकडून झोताकडे झालेला विचाराचा प्रवास ज्या वस्तूंवरून सिद्ध करता येतो, त्यांत असे फसलेले ठोकळेच अधिक मोलाचे आहेत. कारण यशस्वी रचना पुढील रचनेत जिवंत राहते, परंतु टाकून दिलेली समजूत त्या वस्तूखेरीज अन्यत्र कोठेही नोंदलेली नसते. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विभागांनी अशा वस्तू, त्यांच्या मापांसह व घडविणाऱ्याच्या निवेदनासह, आताच संगृहीत केल्या पाहिजेत. घडविणारे हात अजून आपल्यात आहेत. ह्या कामास ह्याहून अनुकूल काळ पुढे येणार नाही.